गाडी उभी ठेवून गावाला गेलं की बॅटरी बसते: दोष कसा शोधायचा

गौरी-गणपतीला आम्ही सात दिवस मालवणला होतो. इलेक्ट्रिक गाडी नाशिकला, आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये ७२ टक्के चार्जवर उभी होती. परत आल्यावर किल्लीचं बटण दाबलं तर काहीच नाही. दिवा लागेना, दार उघडेना. मोबाइलच्या ॲपमध्ये दोन दिवसांपूर्वीची शेवटची नोंद होती आणि तिथे आकडा ७२ टक्केच.

त्या वेळी बाहेरून बॅटरी जोडून गाडी जागी केली आणि विषय सोडून दिला. दिवाळीत पाच दिवस पुण्याला भावाकडे गेलो, परत तेच. मग गाडीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी बदलली. जानेवारीत पुन्हा सात दिवस मालवण, आणि नवी बॅटरीही बसलेली. तिसऱ्या खेपेला मात्र ठरवलं की कारण सापडेपर्यंत एक रुपयाचाही सुटा भाग घ्यायचा नाही. त्यात माझे तीन शनिवार-रविवार गेले. तुमच्याकडेही हेच होत असेल तर तुमचे एवढे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी कोणती बॅटरी उतरते ते ठरवा

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठा पॅक, बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टचा, ज्यावर गाडी पळते आणि ज्याचे टक्के पडद्यावर दिसतात. दुसरी पेट्रोल गाडीत असते तशीच १२ व्होल्टची छोटी बॅटरी. सेंट्रल लॉक, अलार्म, पडदा, दिवे, ॲपशी बोलणारं मॉडेम आणि मोठ्या पॅकवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, हे सगळं छोट्या बॅटरीवर चालतं.

गाडी बंद केली की मोठा पॅक बाकीच्या गाडीपासून तोडला जातो. मधे जाड रिले, म्हणजे विजेने उघड-बंद होणारे स्विच असतात, त्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात. ते सुरक्षेसाठी उघडे राहतात, आणि त्यांना परत जोडायला लागणारी वीज येते छोट्या बॅटरीतून. म्हणून छोटी बसली की मोठ्या पॅकमध्ये ७२ टक्के असून नसल्यासारखे. पेट्रोल गाडीला धक्का मारून चालू करता येतं, हिला नाही. चार्जरची गन लावली तरी बहुतेक गाड्या चार्ज घेत नाहीत, कारण गन लागली आहे हे ओळखणारी यंत्रणाच झोपलेली असते.

गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा भाग मोठ्या पॅकमधून छोटीला भरत राहतो. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जाग्या होऊन छोटीला पाजतात, म्हणजे मोठ्या पॅकमधून थोडी भरून घेतात, काही पाजत नाहीत. माझी न पाजणाऱ्यांतली आहे. तुमची कोणती ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, कारण पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून आहे. पाजणाऱ्या गाडीत छोट्या बॅटरीची गळती मोठ्या पॅकच्या टक्क्यांत दिसते. न पाजणाऱ्या गाडीत टक्के जागच्या जागी राहतात आणि एक दिवस गाडी मरते.

तेव्हा परत आल्यावर गाडी पूर्ण मेलेली असेल तर छोटीचा प्रश्न आहे. गाडी नीट उघडली, चालू झाली, पण ८० चे ७१ टक्के झाले असतील तर तो तपास वेगळा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. सर्व्हिस सेंटरला दोनदा गेले तेव्हा हा फरक कोणी मला विचारलाच नाही. त्यांनी बॅटरी तपासली, ती ठीक आली, किंवा बदला म्हणाले. बॅटरीतून काय बाहेर जातंय ते कोणी मोजलं नाही.

व्होल्टेज काय सांगतं

पाच-सातशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. गाडी बंद करून, कुलूप लावून निदान चार तास, जमलं तर रात्रभर थांबा आणि मग छोट्या बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे तळाला लागलेली. ११.८ च्या खाली गेली तर ती रिकामीच समजा. एजीएम प्रकारची (काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषून ठेवलेली लेड-ॲसिड) असेल तर हे आकडे एक-दोन दशांशांनी वर असतात.

मग गाडी चालू करून, पडद्यावर ‘रेडी’ आल्यावर परत मोजा. आता १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. तो आला म्हणजे कन्व्हर्टर छोटीला भरतो आहे. आकडा १२.३ वगैरे राहिला आणि हळूहळू घसरत असेल तर गळती शोधत बसू नका, भरणंच बंद आहे. अशी गाडी चालवू नका. वाटेत छोटी बॅटरी संपली तर गाडी तिथेच थांबेल. हा दोष गाड्यांत खरोखर आलेला आहे. २०२४ मध्ये भारतात ह्युंदाईने १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही६ गाड्या याच कामासाठी परत बोलावल्या, कारण त्यांच्या चार्जिंग नियंत्रण युनिटमधल्या बिघाडाने १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकत होती. तुमची गाडी कोणत्याही कंपनीची असो, चेसिस नंबर देऊन डीलरकडे विचारा की काही रिकॉल किंवा सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का. रिकॉलच्या कामाचे पैसे पडत नाहीत.

माझ्या गाडीत ‘रेडी’ला १४.१ येत होते. म्हणजे भरणं ठीक, गळती कुठेतरी दुसरीकडे.

बॅटरीच्या वयाचाही विचार करा. लेड-ॲसिड बॅटरी एकदा पूर्ण उतरून तशीच चार दिवस पडली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि ती पूर्वीइतकी भरत नाही. मला गणपतीत सात दिवस मिळाले आणि दिवाळीत पाच, त्याचं एक कारण हेच. गळती तेवढीच होती, टाकी लहान झाली होती. उन्हाने हे वेगाने होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडची आपोआप होणारी उतरण जवळपास दुप्पट होते. विदर्भात मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल ते बघा.

गळती मोजणं

इथे मी पहिल्यांदा चुकले, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या रविवारी मी बॉनेट उघडलं, मीटर लावला, ४ अँपिअर दिसले आणि चोर सापडला म्हणून खूश झाले. ती गळती नव्हतीच. गाडी जागी होती. इलेक्ट्रिक गाडी बंद केल्यावर लगेच झोपत नाही. आतली युनिटं एकेक करून झोपतात आणि त्याला पाच मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. बॉनेट उघडं, दार उघडं किंवा किल्ली खिशात असेल तर ती झोपणारच नाही. जागी असताना काही अँपिअर ओढणं हे तिचं रोजचं काम आहे. आपल्याला बघायचं आहे ती झोपल्यावर किती ओढते.

सातपूरच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियननी मला पद्धत दाखवली. बॉनेट उघडल्यावर त्याचं कुलूप, म्हणजे खालचा खटका, स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करायचा. गाडीला वाटतं बॉनेट लागलं. डिकीत बॅटरी असेल तर डिकीच्या खटक्याला तेच. मग गाडीला कुलूप लावायचं, दोन्ही किल्ल्या घरात लांब ठेवायच्या आणि पाऊण तास गाडीला हात लावायचा नाही. काम झाल्यावर बॉनेट उघडायची गाडीतली कळ ओढून खटका आधी उघडायचा आणि मगच बॉनेट लावायचं, नाहीतर बंद खटक्यावर आपटून पत्रा वाकतो.

मोजायला क्लॅम्प मीटर घ्या, पण डीसी करंट मोजणारा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, तो इथे उपयोगाचा नाही. ०.०१ अँपिअरपर्यंत दाखवणारा हवा. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला जाणाऱ्या सगळ्या तारा एकत्र चिमट्यात घ्या, त्याआधी मीटर शून्यावर आणा. साधा मल्टीमीटर तारेच्या मधे जोडून मोजायची पद्धत पेट्रोल गाडीत चालते, इथे मी ती करू नका म्हणेन. मधेच गाडी जागी झाली आणि कन्व्हर्टरने छोटीला भरायला घेतलं तर कित्येक अँपिअर त्या मीटरमधून जातील आणि त्याचा फ्यूज, कधी मीटरच, जळेल.

आणखी एक, आणि हे गंभीर आहे. केशरी रंगाच्या केबल आणि त्या जिथे जातात ते डबे, यांना हात लावायचा नाही, त्यांचे प्लग उघडायचे नाहीत. तो मोठ्या पॅकचा भाग आहे आणि जीव घेऊ शकतो. आपलं सगळं काम १२ व्होल्टच्या बाजूलाच आहे.

झोपलेल्या निरोगी गाडीला २० ते ५० मिलिअँपिअर लागतात. हिशोब सोपा आहे. ५० मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी अर्ध्यावर यायला अठरा-एकोणीस दिवस. म्हणजे चांगली गाडीसुद्धा महिनाभर तशीच सोडली तर अडचणीत येईल, पण आठवड्यात मरणार नाही.

माझ्या गाडीचा आकडा आला ०.१९ अँपिअर. दिवसाला ४.६ अँपिअर-तास. इलेक्ट्रिशियन म्हणाले, “ताई, बॅटरीला काही झालेलं नाही. रात्री कोणीतरी पितंय तिला.”

कोण पितंय

फ्यूज उपटत बसू नका. एकेक फ्यूज काढला की त्यावरचं युनिट बंद होतं, परत लावताना जागं होतं, आणि त्याच्यामुळे आख्खी गाडी पुन्हा पाऊण तास जागी. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक उघडे ठिपके असतात त्यांवर मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून टेकवा. ज्या फ्यूजमधून काहीच जात नाही तिथे शून्य येईल. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट आला तर त्यातून साधारण १०० ते १५० मिलिअँपिअर जात आहेत. फ्यूजबॉक्सचं झाकण गाडी झोपवण्याआधीच काढून ठेवा. बॉक्स आत ड्रायव्हरच्या पायाशी असेल तर त्या बाजूचं दार उघडं ठेवून त्याचाही खटका बॉनेटसारखा फिरवून घ्या.

चौदा फ्यूज शून्य, पंधराव्यावर सव्वा मिलिव्होल्ट. त्या फ्यूजवर डॅशकॅमची तार बसवलेली. गाडी घेतली तेव्हा ॲक्सेसरीवाल्याने डॅशकॅम सिगारेट लायटरच्या सॉकेटला न लावता कायम वीज असलेल्या फ्यूजवर घेतला होता, म्हणजे उभ्या गाडीसमोर हालचाल झाली की रेकॉर्डिंग व्हावं. व्होल्टेज खाली गेलं की कॅमेरा तोडणारं जे छोटं युनिट मधे बसवावं लागतं, ते बसवलेलंच नव्हतं. रोज गाडी चालवत होतो तोवर संध्याकाळची उतरण सकाळी भरून निघत होती, म्हणून दीड वर्ष कळलं नाही. तार काढली आणि आकडा ०.०४ वर आला.

तुमच्या गाडीत डॅशकॅम असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. त्याच्याच जोडीला ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या सॉकेटमध्ये, लावून ठेवलेलं जीपीएस किंवा माहिती वाचणारं ब्लूटूथ डोंगल. ते स्वतः फार पीत नाही, पण गाडीच्या यंत्रणेला सतत प्रश्न विचारून झोपूच देत नाही. ते नुसतं उपटून ठेवून चार दिवस बघा, मीटरचीही गरज नाही. बाहेरून बसवलेला अँप्लिफायर, पायाजवळचे रंगीत दिवे, नंतर बसवलेला रिव्हर्स कॅमेरा, हे सगळे याच रांगेत येतात. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीने न दिलेली जी जी तार गाडीत आहे ती आधी सोडवा, मग गाडीला दोष द्या.

आणि तरीही पुरतं नव्हतं

कॅमेरा काढून मी मीटर रात्री तसाच ठेवला आणि मोबाइलने त्याच्या पडद्याचं रेकॉर्डिंग लावून झोपले. सकाळी बघितलं तर बहुतेक वेळ ०.०४, आणि मधेच ३ अँपिअर, दीड-दोन मिनिटं. परत ०.०४. पुन्हा चाळीस-पन्नास मिनिटांनी ३. रात्रभर हेच चाललेलं. दिवसाला त्याचेच जवळजवळ ३ अँपिअर-तास होतात. आधी मोजलेले ४.६ आणि हे मिळून ७ च्या वर, म्हणजे ४५ च्या बॅटरीला सहा-सात दिवस. गणपतीचा हिशोब तंतोतंत जुळला.

याचं कारण दारामागच्या खिळ्यावर होतं. दुसरी किल्ली. आमच्या दर्शनी दारामागे किल्ल्यांचा खिळा आहे, आणि भिंतीच्या पलीकडे जेमतेम दीड मीटरवर गाडीचं पुढचं दार. या गाडीत किल्ली घेऊन जवळ आलं की आपोआप उघडायची सोय आहे. त्यासाठी गाडी ठरावीक वेळाने हलकी हाक मारून जवळ किल्ली आहे का बघते. भिंतीपलीकडची किल्ली कधी उत्तर देत होती, कधी नाही. उत्तर आलं की गाडी कोणी आलं म्हणून जागी होऊन बसायची. गावाला जाताना एक किल्ली आमच्याबरोबर जायची, दुसरी खिळ्यावर राहायची.

किल्ली आतल्या खोलीतल्या कपाटात गेली, आणि पुढच्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये आकडा एकदाही हलला नाही. ०.०३ ते ०.०४, सरळ रेघ. अशी जवळ आल्यावर उघडणारी सोय मेनूमधून बंदही करता येते. फ्लॅटमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्यांनी, ज्यांची गाडी खिडकीखाली असते, हे नक्की बघा. किल्लीचा सेलही यात लवकर संपतो. दर चार-सहा महिन्यांनी किल्लीचा सेल बदलावा लागत असेल तर तीच खूण समजा.

अशा मधूनमधून जागं होण्याची आणखी कारणं मला नंतर नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांत दिसली. डिकी अर्धवट लागणं किंवा दाराचा स्विच खराब होणं, हे तर जुनंच. ॲपचं विजेट फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवलं की ते दिवसातून कित्येकदा गाडीला उठवून टक्के विचारतं. आपणही काळजीने सारखं ॲप उघडतो आणि त्या काळजीपोटीच बॅटरी उतरते. पुण्यात माझ्या भावाच्या सोसायटीत गाडी दुसऱ्या तळघरात लागते. तिथे मोबाइलला रेंज नाही, तर गाडीचं मॉडेम नेटवर्क शोधत राहतं. त्याने तीन रात्री गाडी वर पाहुण्यांच्या जागेत लावली आणि उतरण थांबली. नंतर गावाला जाताना तो वरचीच जागा मागून घेतो.

टक्के कमी होतात तेव्हा

आता दुसरा प्रकार: गाडी जिवंत आहे, पण मोठ्या पॅकचे टक्के उतरलेत.

लिथियमच्या सेलची स्वतःची उतरण फार कमी, महिन्याला दोन-तीन टक्क्यांच्या घरात. त्याहून जास्त गेलं असेल तर कोणीतरी वापरलं आहे. टक्क्यांचं वॅटमध्ये भाषांतर केलं की कोणी वापरलं याचा अंदाज येतो. ३० किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये १ टक्का म्हणजे ३०० वॅट-तास. रोज १ टक्का जात असेल तर सरासरी साडेबारा वॅट, म्हणजे एक लहान एलईडी दिवा दिवसरात्र जळतोय. हे छोट्या बॅटरीला पाजण्यात जाऊ शकतं, आणि वर लिहिलेला १२ व्होल्टचा तपासच तिथे करायचा. रोज ५ टक्के जात असतील तर ६२ वॅट. एवढं जातंय म्हणजे गाडी बराच वेळ पूर्ण जागी आहे.

पूर्ण जाग्या गाडीचा संगणक, पडदे आणि पंप मिळून शंभर-दोनशे वॅट सहज खातात. २०० वॅट चोवीस तास म्हणजे ४.८ युनिट, ३० च्या पॅकचे १६ टक्के एका दिवसात. म्हणूनच कॅमेऱ्यांनी आजूबाजूला पहारा ठेवणारी सोय गावाला जाताना बंद करा. टेस्लाच्या गाड्यांत सेंट्री मोड चार्ज २० टक्क्यांच्या खाली गेला की आपोआप बंद होतो, त्यावरूनच तो किती खात असेल ते कळतं. केबिन फार तापू नये म्हणून उभ्या गाडीत एसी लावणारी सोय आणि ऑफिसच्या वेळेआधी गाडी गार करणारं वेळापत्रक, हेही बघा. वेळापत्रक एकदा लावलं की आपण विसरतो, गाडी विसरत नाही. आपण कोकणात असतो आणि ती रोज सकाळी साडेआठला पोर्चमध्ये एसी लावते.

गाडी चार्जरला लावून गेलात तरी प्रश्न संपत नाही. काही गाड्या चार्जरवर असताना छोटीचीही काळजी घेतात, ते चांगलं. पण जिथे दिवसातून पाच वेळा लाईट जाते-येते तिथे प्रत्येक वेळी गाडी जागी होऊन चार्जरशी नव्याने बोलते. खेड्यात १५ अँपिअरच्या सॉकेटवर, अर्थिंगची खात्री नसताना, आठवडाभर गन लावून ठेवावी असं मला वाटत नाही. ५०-६० टक्क्यांवर गन काढून ठेवणं बरं. मोठ्या पॅकला लांब मुक्कामासाठी तोच आकडा मानवतो.

कधी टक्के जातात पण वीज गेलेलीच नसते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारचे सेल आहेत. त्यांचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे यंत्रणेला व्होल्टेज बघून टक्के नीट ओळखता येत नाहीत. ती आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशोब ठेवते आणि त्यात हळूहळू चूक साचते. गाडी आठवडाभर शांत उभी राहिली की यंत्रणा आपला आकडा दुरुस्त करते, आणि आपल्याला वाटतं ७ टक्के चोरीला गेले. हे ओळखायची सोपी रीत: चार्जरच्या आधी युनिट मोजणारा मीटर लावा. ३० च्या पॅकमध्ये ७ टक्के म्हणजे २.१ युनिट, चार्जिंगमधली घट धरून अडीचच्या आसपास. तेवढे टक्के भरायला अर्धा युनिटच लागला तर ती वीज गेलीच नव्हती. अशी गाडी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून सावकाश एसी चार्जरवर पूर्ण १०० टक्के भरा, आकडा ताळ्यावर येतो.

गाडी मेलेलीच आहे, आत्ता काय

किल्लीच्या आत लोखंडी पातं असतं. ते बाहेर काढून ड्रायव्हरचं दार उघडा. कुलपाचं भोक बऱ्याच गाड्यांत हँडलच्या टोपीखाली लपलेलं असतं, ते आजच, गाडी चांगली असताना, शोधून ठेवा. छोटी बॅटरी डिकीत असेल तर डिकी विजेशिवाय कशी उघडायची तेही.

मग १२ व्होल्टचा बूस्टर किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी. पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला, निगेटिव्ह बॉडीच्या धातूला, बॅटरीपासून जरा लांब. गाडी ‘रेडी’ झाली की केबल काढा. आपल्या इलेक्ट्रिक गाडीतून दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायला मात्र जाऊ नका. पेट्रोल-डिझेलच्या स्टार्टरला लागणारा झटका आपली छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर यांच्यासाठी बनवलेला नाही.

तासभर ‘रेडी’त ठेवून पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही, हे मला उशिरा कळलं. त्याच रात्री ४-५ अँपिअरच्या स्मार्ट चार्जरने, हवा खेळती असलेल्या जागी, रात्रभर भरा. निगेटिव्ह टोकावर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर चार्जरची काळी तार टोकाला न लावता बॉडीला लावा, म्हणजे आत गेलेला चार्ज गाडीच्या हिशोबात येतो.

गाडी टोचन लावून न्यायची वेळ आली तर चाकं जमिनीवर फिरू देऊ नका. सपाट गाडीवर चढवूनच न्या, चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. आणि मेलेल्या गाडीचा पार्किंग लॉक सुटत नाही, म्हणून आधी १२ व्होल्ट जोडून ती न्यूट्रलला आणावी लागते. टोचनवाल्याला हे फोनवरच सांगा, नाहीतर तो साखळी घेऊन येतो.

गावाला जाण्याआधी आमचं आता काय चालतं

डॅशकॅम लायटरच्या सॉकेटवर, गाडी बंद की तोही बंद. दोन्ही किल्ल्या घराच्या मागच्या खोलीत किंवा बरोबर. ॲपचं विजेट काढून टाकलं आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी तासभर चालवते, म्हणजे छोटी भरलेली असते, आणि मोठा पॅक साठच्या आसपास ठेवते. महिन्याहून जास्त जायचं असेल तर पुस्तिकेत परवानगी असल्यास छोट्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पण डिकी आणि दारं त्यानंतर कशी उघडणार ते आधी बघा, आणि तार परत जोडल्यावर घड्याळ, काचांची सेटिंग पुन्हा करावी लागेल हे लक्षात असू द्या.

मे महिन्यात आम्ही अठरा दिवस मालवणला राहिलो. परत आल्यावर दाराला हात लावण्याआधी बॉनेटमधल्या टोकांवर मीटर लावायचा माझा विचार होता, पण बॉनेट उघडायलाच दार उघडावं लागतं. तेव्हा पहिल्यांदा किल्लीचं बटण दाबलं. गाडी लगेच उघडली. मीटरवर १२.४ आले.